पिंजऱ्याचा पाइप

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोलल्यावर मिस्त्री काहीच बोलला नाही. त्याने पोराला चहा सांगायला पाठवलं. आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, गिऱ्हाइकाने न मागता चहा आला की समजावं, आकडा मोठा आहे.

गाडी एस्टीम. २००३ सालची, आतून पार सोललेली. मागची सीट नाही, एसी नाही, दारांना आतून पत्रा नाही. एक बकेट सीट आणि भोवती लोखंडी पिंजरा. कोइमतूरकडून घेतली, ट्रॅकवर पळवायला. ३ लाख २० हजार गाडीचे आणि २८ हजार ती इथवर आणणाऱ्या ट्रकवाल्याचे. विकणारा म्हणाला होता, गाडी 'ट्रॅक-रेडी' आहे. तसं ते खोटं नव्हतं. ट्रॅकवर जायला ती तयारच होती, परत यायची तयारी नव्हती.

आणि घेणारा कोण, तर सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसणारा मी. व्हॅल्युएशन रिपोर्टवर शिक्का पुसट आहे म्हणून जुनी स्विफ्ट घेणाऱ्या पोराला मी तीनदा परत पाठवलंय. स्वतःच्या वेळी मात्र व्हिडिओ कॉलवर इंजिनाचा आवाज ऐकला आणि पैसे सोडले. मागून पांढरा धूर येत होता, तेही दिसलं होतं. "सकाळची थंडी आहे सर," तो म्हणाला. मे महिना होता.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं तर पहिला सिलिंडर १८०, चौथा १७५ आणि मधले दोघे नव्वदीच्या घरात. शेजारशेजारचे दोन एकदम बसले म्हणजे मधलं गॅस्केट, हेडखालचं पॅकिंग, गेलं, हे मिस्त्रीच्या पोरालासुद्धा कळतं. तेलाची टोपी उघडली तर आत दूध जास्त पडलेल्या चहासारखा चिकटा. पाणी तेलात उतरलेलं. हेडवर पट्टी आडवी धरली, तर दहा थाऊचं, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाइतकं जाड, पातं खालून टोल न भरता आरपार गेलं. आणि या हेडला पूर्वी एकदा घासून फेस मारलेला होताच. आता अजून किती घासणार?

मी चहा पीत होतो. शेजारी ग्रीसच्या उलट्या डब्यावर एक म्हातारा बसला होता. धोतर, टोपी, मांडीवर पोत्यात गुंडाळलेला पाणबुडी मोटरीचा शाफ्ट. लेथवर नंबर लागायचा होता. अर्धा तास तो माझ्या गाडीकडे बघत होता, पाहुण्याच्या घरी मुलगी बघायला आल्यासारखा.

"हितं किती बसत्यात?" त्याने विचारलं.

"एकच, आबा."

"आन बाकीची?"

"बाकीची घरी."

त्याने मान हलवली. "रोडला चालती?"

आता याला काय सांगायचं? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत असे फेरफार चालत नाहीत, वगैरे? "नाही चालत. ट्रकवर घालून न्यायची."

"ट्रक रोडनं जातोय?"

"हो."

"मग ट्रकच घ्यायचा न्हवता का?"

पलीकडे लेथवाला खोकला. तो खोकला नव्हता.

"पळवायची कुटं पण?"

मी जरा सावरून बसलो. म्हटलं, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. नारायण कार्तिकेयन त्याच गावचा, २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. म्हाताऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आणली तितनंच?"

"हो."

"आन पळवायची बी तितंच?"

"हो."

"मग हिकडं आणली कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. बायकोनेही तोच विचारला होता, पण तिला मी 'गुंतवणूक' म्हणून सांगितलं होतं.

थोड्या वेळाने त्याचं त्यालाच उमगलं. "शर्यतीचा बैल हाय म्हणा की!" त्याचा चेहरा उजळला. डबा घेऊन तो जवळ सरकला आणि मग त्याला थांबवणं कठीण झालं. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा मोकळ्या केल्या. मधल्या वर्षांत त्याच्या भावकीतल्या एकाने पळाऊ खोंड मातीमोलाने विकला आणि आज तो कपाळ बडवतोय, ही कथा त्याने खोंडाच्या आईपासून सांगितली. मला तो भावकीतला माणूस फार जवळचा वाटला.

"दात बघितलंस?"

"काय?"

"बैल घेताना आदी दात बघायचं. आदत हाय, दुसा हाय का चौसा. मालक सांगंल ते वय न्हवं, दात सांगत्यात ते वय."

"आबा, गाडीला दात नसतात."

गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला, "असत्यात की. दुसऱ्या गिअरचं गेल्यात."

म्हणजे गिअरबॉक्सही. हे मला तेव्हाच, असं कळलं.

"श्याण बघितलंस? श्याण पातळ टाकत असला तर घ्यायचा न्हाई." मी पांढऱ्या धुराबद्दल गप्प राहिलो. "येसण धरून चालवून बघितलास?"

"फोन धरून बघितली."

"आन शेजाऱ्याला इचारलंस? मालक खोटं बोलतोय. शेजाऱ्याला खोटं बोलून काय मिळत न्हाई."

इथे मात्र मला हसू आलं नाही. कारण गाडी आल्यावर मी फोटो टाकला आणि त्या रात्री चौघांचे फोन आले. ती पांढरी ना? अरे, ती दोनदा तापून बंद पडलीय. अरे, तिच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तेल अडवणारं बॅफल नाही, लांब वळणावर तेल एका बाजूला जातं आणि बेअरिंग कोरडं पडतं, इंजिन एकदा गेलंय. चौघांनाही सगळं ठाऊक! आधी का नाही बोललात, तर "तू विचारलंस कुठे?" आपल्याकडे ट्रॅकवर गाड्या पळवणारे मूठभर, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि त्याच त्या गाड्या या हातातून त्या हातात फिरत असतात. सगळ्यांनाच कधीतरी आपली खोड दुसऱ्याच्या गळ्यात मारायची असते, म्हणून कोणी कोणाचं बिंग फोडत नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "रेस कार आहे सर, असं होणारच." सीटच्या पट्ट्यांची मुदत २०१६ला संपलेली. लेबलचा फोटो त्याने पाठवला होता, पण नेमका तारखेवर त्याचा अंगठा होता. मला पैशांपेक्षा तो अंगठा जास्त लागलाय.

म्हातारा उठून गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"ह्यो पिंजरा कशाला?"

"गाडी उलटली तर जीव वाचायला."

त्याने आत हात घालून शाफ्टच्या टोकाने पाइपवर टकटक केली. पुन्हा केली. कान लावला. नखाने रंग खरवडला.

"ह्यो तर पान्याचा पाइप हाय."

"नाही हो आबा. सीमलेस ट्यूब असते ती, कोल्ड-ड्रॉन. नियमच आहे. ४५ मिलिमीटर व्यास, अडीच मिलिमीटर जाडी..."

"दीड इंची जीआय. आमच्या मळ्यात ह्योच हाय. चाळीस वर्सं ह्येच्यातनं पानी पितोय मी."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. त्याने पॉलिश पेपर मारला. रंगाखाली जस्ताची चंदेरी झाक आणि लांबच्या लांब, सरळ रेषेत, जोडाची शीर. लेथवाला मशीन बंद करून बघायला आला. गॅस्केट, हेड, गिअर यांतलं काहीही बिघडलं असतं तर मी फार तर रस्त्यात उभा राहिलो असतो. पण याच्या भरवशावर मी ताशी १४०ने वळणात शिरणार होतो.

कोणीच काही बोललं नाही. मिस्त्रीने पोराला पुन्हा चहा सांगायला पाठवलं.

म्हाताऱ्याचा शाफ्ट तेवढ्यात झाला. दीडशे रुपये मोजून त्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि माझ्यापाशी आला. मला वाटलं, धीर देतोय.

"कापणार असशील तर सांग," तो म्हणाला. "मला वीस फूट लागतोय."

मी त्याला नंबर दिला. का दिला, माहीत नाही. काल दुसऱ्यांदा फोन आला. भंगारवाल्यापेक्षा किलोमागे दोन रुपये कमीच देतोय, वर म्हणतोय की वाकलेला आहे, सरळ करायचा खर्च माझ्याकडेच.