काउंटी जेलच्या यादीत आपलं माणूस शोधताना

आमच्या ह्यूस्टनकडच्या मराठी ग्रुपांवर अधूनमधून एक स्क्रीनशॉट फिरतो. काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) जेलच्या वेबसाइटवरची कुणाची तरी नोंद: नाव, जन्मतारीख, आरोप, जामिनाची रक्कम. खाली "अरे बापरे", "वाटत नव्हतं हो". टाकणाऱ्याला विचारलं तर उत्तर तयार असतं, "पब्लिक रेकॉर्ड आहे, मी काय चोरलं?" नाही, चोरलं काहीच नाही. पण ज्या बाईला मध्यरात्री हीच नोंद खरोखर हवी असते, तिला ती कशी शोधायची हे सांगायला यातलं कुणी पुढे येत नाही. म्हणून लिहितेय. मी वकील नाही. टेक्सासमध्ये बरीच वर्षं राहते आणि असले फोन मला येतात, एवढंच.

पहिला घोळ काउंटीचाच होतो. आपण म्हणतो "ह्यूस्टनच्या जेलमध्ये असेल". ह्यूस्टन शहर, पण जेल चालवतो काउंटीचा शेरिफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, आणि माणूस राहतो कुठे याच्याशी जेलचा संबंध नसतो. गाडी अडवली कुठे, याच्याशी असतो. केटीमध्ये आपली किती कुटुंबं आहेत! ते एक गाव हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय. दोन सिग्नल पुढे पकडलं तर जेल बदलतं. हॅरिसचं जेल ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये, फोर्ट बेंडचं रिचमंडला, वॉलरचं हेम्पस्टेडला. वुडलँड्सचा बराचसा भाग माँटगोमेरी काउंटीत, म्हणजे जेल कॉनरोला. तेव्हा आधी नकाशा उघडा, मग शेरिफ ऑफिसची वेबसाइट. तिथे "इन्मेट सर्च" किंवा "जेल रोस्टर" अशा नावाचं पान बहुतेक ठिकाणी असतं, आणि ते फुकट असतं. गूगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या, क्रेडिट कार्ड मागणाऱ्या साइट शेरिफच्या नसतात. त्यांना पैसे द्यायचं काहीही कारण नाही.

(टेक्सासबाहेरच्यांसाठी: कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हरमाँट, हवाई आणि बहुतांश अलास्का इथे काउंटी जेल ही भानगडच नाही, सगळं राज्याच्या तुरुंग खात्याकडे. लुइझियानात काउंटीऐवजी पॅरिश. न्यूयॉर्क शहराचं स्वतःचं करेक्शन (म्हणजे तुरुंग) खातं आहे, रायकर्स आयलंडचं जेल चालवणारं.)

नाव लगेच दिसत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. अटक झाली की बुकिंग होतं: बोटांचे ठसे, फोटो, अंगावरच्या वस्तूंची यादी, तब्येतीचे प्रश्न. गर्दीच्या रात्री यात तासन् तास जातात आणि तोवर यादी कोरी. वाटेत हॉस्पिटलमध्ये नेलं असेल तर आणखी उशीर. लहान शहरांचे पोलीस माणसाला आधी आपल्याच कोठडीत ठेवतात, आणि त्या कोठडीची यादी इंटरनेटवर असेलच असं नाही. तिथे शहराच्या पोलीस ठाण्याला फोनच करावा लागतो. टेक्सासात अटकेनंतर ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच लागतं, त्यामुळे दोन दिवस उलटून कुठेच नाव नाही असं झालं, तर आपण चुकीच्या काउंटीत शोधतोय किंवा चुकीच्या नावाने.

आता आपल्या नावांविषयी. अमेरिकन फॉर्मला तीन खाने माहीत आहेत आणि आपण मधल्या खान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालतो. बुकिंग करणारा शिपाई लायसन्स बघून टाइप करतो, कधी ऐकून. मग वडिलांचं नाव आडनावाला चिकटतं, कुलकर्णीतला आर गायब होतो, देशपांडेंचे दोन तुकडे होतात. म्हणून पूर्ण नाव कधीच टाकू नका. वेबसाइट चालू देत असेल तर आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं आणि जन्मतारीख एवढंच टाका. जन्मतारीख इथल्या पद्धतीने, महिना आधी. पासपोर्टवर आडनावाचा खाना रिकामा असलेल्यांचं अख्खं नाव व्हिसावर आडनाव म्हणून येतं आणि नावाच्या जागी "एफएनयू" (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापतात. तसं काही असेल तर एफएनयू घालूनही बघा. वंशाच्या खान्यावरून चाळणी लावू नका. आपल्या माणसाला शिपायाने एशियन लिहिलं, व्हाइट लिहिलं की आणखी काही, ते त्या रात्रीच्या शिपायावर.

सापडलं, की एक नंबर लिहून घ्या. हॅरिस काउंटीत त्याला एसपीएन म्हणतात, इतरत्र बुकिंग नंबर. यापुढे वकील असो, जामीनवाला (पैसे घेऊन आपल्या वतीने जामीन राहणारा) असो, जेलचा फोन असो, सगळे तोच विचारतील. नोंदीत आरोपाची संक्षिप्त अक्षरं असतात. डीडब्ल्यूआय म्हणजे दारू पिऊन गाडी. "असॉल्ट, फॅमिली मेंबर" हे वाचून घरच्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. पण घरात भांडण झालं, कुणीतरी ९११ लावला, पोलिसांना हाताला ओरखडा दिसला, एवढ्यावरही ही कलमाची ओळ उमटू शकते. बायकोने सकाळी "मला तक्रार नाही" म्हटल्याने ती पुसली जात नाही, कारण खटला राज्य चालवतं. मॅजिस्ट्रेट काही आठवडे घरी जायला आणि बायकोशी बोलायला मनाईदेखील करू शकतो. म्हणजे सुटलेला नवरा मित्राच्या सोफ्यावर, आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट.

फोनचं सांगते, कारण इथेच लोक चुकतात. जेलमधल्या माणसाला बाहेरून फोन लावता येत नाही. तोच करतो, अनोळखी नंबरवरून, आणि आधी रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो. आपण स्पॅम समजून कापतो. त्या रात्री प्रत्येक फोन उचला. आणि उचलल्यावर "काय झालं, कसं झालं" विचारू नका. हे फोन ध्वनिमुद्रित होतात आणि मराठी येणारा दुभाषा मिळणं अशक्य नाही. तब्येत विचारा, वकील बघतोय म्हणा, ठेवा.

जामिनाचा आकडा बघून घाबरू नका. हॅरिस काउंटीत जामिनाविषयीच्या खटल्यातल्या २०१९ च्या समझोत्यानंतर बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत पैसे न भरता हमीपत्रावर सोडू लागले. बाकीच्यांत जामीनवाला जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के घेतो आणि ते परत मिळत नाहीत. भामट्यांचाही धंदा याच यादीवर चालतो: नाव, आरोप, रक्कम सगळं वाचून ते घरी फोन करतात, "मी डेप्युटी अमुक, आत्ता पैसे भरले तर तासाभरात सोडतो". त्यांना सगळं खरं माहीत असतं म्हणूनच आपण फसतो. कुठलंही शेरिफ ऑफिस गिफ्ट कार्डवर जामीन घेत नाही.

नाव यादीत होतं आणि अचानक नाहीसं झालं, तर "सुटला" असं धरून चालू नका. इमिग्रेशनच्या ताब्यात गेला असू शकतो. आमच्याकडे त्यांचं एक मोठं केंद्र कॉनरोलाच आहे. तिथली शोधयादी वेगळी, आयसीईची (इमिग्रेशनच्या अटका करणाऱ्या खात्याची) ऑनलाइन लोकेटर. तिच्यात ए-नंबर (इमिग्रेशनने माणसाला दिलेला नंबर) आणि जन्मदेश लागतो, किंवा नाव आणि जन्मदेश, आणि नाव तंतोतंत जुळावं लागतं. काउंटीत जे स्पेलिंग दिसलं तेच तिथे वापरून बघा. आरोप केंद्र सरकारचा असेल तर ब्युरो ऑफ प्रिझन्सची, म्हणजे केंद्राच्या तुरुंग खात्याची, यादी निराळी. तिच्यात १९८२ पासूनचे कैदी आहेत.

हे सगळं इतकं उघडं का, असा प्रश्न आपल्याला पडतो. त्याचं एक उत्तर ह्यूस्टनमध्येच आहे. १९७५ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या वर्तमानपत्राने शहरावर खटला भरला आणि कोर्टाने सांगितलं, पोलिसांच्या तपासाचा तपशील झाका, पण कुणाला पकडलं, कशासाठी पकडलं ही मूळ माहिती लोकांची आहे. मला हे पटतं, मनापासून पटतं. ज्या राज्यात पोलीस माणूस उचलतात आणि कुणालाच सांगत नाहीत, ते राज्य कसलं असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे भारतात सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू खटल्यातल्या निकालानंतर नातेवाइकाला कळवणं बंधनकारक झालं, अटक झालेल्यांची नावं नियंत्रण कक्षाच्या फलकावर लावायची तरतूदही कायद्यात आली. फलक वाचायला किती जण गेलेत, ते सोडा.

वॉलर काउंटीचं नाव वर आलंय. सँड्रा ब्लँड नावाच्या तरुणीला १० जुलै २०१५ रोजी तिथेच प्रेअरी व्ह्यूमध्ये लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून अडवलं, वाद वाढला, अटक झाली. जामीन ५,००० डॉलरचा, म्हणजे सुटायला साधारण ५०० लागणार होते. १३ जुलैला ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. तीन दिवस. टेक्सासने २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा केला. मी जेव्हा म्हणते की पहिल्या काही तासांत शोधा, जेलला फोन करा, औषधं आणि मानसिक आजार असेल तर तिथल्या नर्सपर्यंत पोचवा, तेव्हा माझ्या डोक्यात ही केस असते.

पण नाव उघडं असणं वेगळं आणि चेहरा कायमचा चिकटवणं वेगळं. बुकिंगचे फोटो उचलून "काढायचे तर पैसे द्या" म्हणणाऱ्या साइट इथे वर्षानुवर्षं चालल्या. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा एका साइटच्या मालकांवर खंडणीचे आरोप ठेवले. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये फोटो सर्रास देणं थांबवलं. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने पोलिसांना अहिंसक गुन्ह्यांतल्या संशयितांचे फोटो सोशल मीडियावर टाकायला मनाई केली. ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीविरुद्धच्या खटल्यात २०२४ मध्ये फेडरल अपील कोर्टाने असे फोटो इंटरनेटवर झळकवणं ही खटल्याआधीच दिलेली शिक्षा ठरू शकते, असं मानलं. मला वाटतं टेक्सासनेही हेच करावं. आणि आमच्या ग्रुपांनी कायद्याची वाट बघू नये.

कारण बुकिंगची नोंद फक्त पकडल्याचं सांगते. पुढे काय झालं ते तिच्यात नसतं. आरोप कमी झाला, खटला निकालात निघाला, सरकारी वकिलाने केस मागे घेतली, हे सगळं कोर्टाच्या नोंदीत. पुण्या-नाशिकहून आईवडील मला विचारतात, "स्थळ आलंय, मुलाचं तिकडे काही रेकॉर्ड आहे का बघशील?" त्यांची काळजी मी समजू शकते. पण मग कोर्टाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लार्कच्या साइटवर केसचा निकाल बघा आणि जन्मतारीख जुळवा. जोशी, पाटील इथे शेकड्याने आहेत. तीन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट कुणाकडे तरी आहे म्हणून स्थळ मोडलेलं मी पाहिलंय, आणि ती केस कोर्टाने केव्हाच रद्द केली होती.

त्या माणसाला स्वतःला मात्र ही नोंद विसरून चालत नाही. व्हिसाचा अर्ज अटकेबद्दल विचारतो, नुसत्या शिक्षेबद्दल नाही. नागरिकत्वाचा अर्जही विचारतो, आणि टेक्सासच्या कोर्टाने नोंद पुसून टाकली तरी तिथे सांगावंच लागतं. तेव्हा केस संपली की निकालाची शिक्का मारलेली प्रत क्लार्ककडून घेऊन ठेवा. गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला इमिग्रेशनवरचा परिणाम विचारा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिला निकालापासून तो सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे.

आणखी एक, भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, ग्रीन कार्ड असलं तरी. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेनंतर आपल्या वकिलातीला कळवायला सांगण्याचा हक्क आहे. काही देशांच्या बाबतीत पोलीस आपणहून कळवतात, भारत त्यांत नाही. आतल्या माणसाने मागावं लागतं. टेक्सासातल्यांसाठी ह्यूस्टनचं वाणिज्य दूतावास. फोन आला की तब्येतीच्या पुढचं वाक्य हेच असू द्या.

कमेंटमध्ये आणखी काउंट्यांची माहिती असेल तर जरूर लिहा. कुणाचं नाव किंवा स्क्रीनशॉट टाकलात तर काढून टाकेन.