दुपारी दोनची वीज

दुष्काळामुळे इथे झांबियात वीज ठरावीक तासांपुरतीच वाटून दिली जाते. काल दुपारी दोन वाजता वीज येणार, असे वीज कंपनीच्या वेळापत्रकात स्पष्ट छापलेले होते, आणि त्या भरवशावर मी सुटीच्या दिवशी बारावीच्या मुलांना संगणकाच्या सरावासाठी शाळेत बोलावले. झांबियाच्या दक्षिण प्रांतातला ऑक्टोबर कसा भाजून काढतो, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. त्या उन्हात, कोळशाच्या इस्त्रीने कडक केलेला गणवेश घालून, दीड-दोन तास चालत मुले आली. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. मुले काळ्या पडद्यांसमोर बसून राहिली, मी फळ्यावर रकाने आखून सूत्रे समजावत राहिले, आणि अंधार पडायच्या आत ती घरी पोहोचावीत म्हणून अखेर मीच त्यांना जायला सांगितले. वीज रात्री एक वाजता आली आणि उजाडण्यापूर्वी गेली.

मी तक्रारीच्या क्रमांकावर फोन केला होता. बराच वेळ संगीत ऐकल्यावर पलीकडून उत्तर मिळाले, ‘मॅडम, वेळापत्रक बदलले आहे.’ कधी बदलले? आज. कोणाला कळवले? यावर उत्तर नाही. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो’ असे लिहिलेले असते, तेवढे मला वाचून दाखवण्यात आले. या वाक्याची मला चीड आहे. दर आठवड्याला हजारो घरांना तास वाटून द्यायचे, आणि त्याच कागदावर ते तास न पाळण्याची मुभाही स्वतःला देऊन ठेवायची, ही सरळ फसवणूक आहे.

दुष्काळ खोटा आहे, असे मी म्हणत नाही. एल निनोमुळे 2023-24च्या हंगामात पुरेसा पाऊस झाला नाही, 22 लाख हेक्टर मक्यापैकी सुमारे 10 लाख हेक्टरांवरचे पीक गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, आणि ज्या देशाची 80 टक्क्यांहून अधिक वीज पाण्यापासून तयार होते, तिथे झांबेझी नदीवरचे करिबा धरण आटले की दिवे जाणारच. अंधार मी सोसते आहे, माझे शेजारीही सोसत आहेत. पण जी वेळ तुम्ही स्वतः छापता, तिच्यावर सगळे गाव आपला दिवस उभा करते. दळणाच्या गिरणीपुढे बायका डोक्यावरून मका आणून पहाटेपासून बसतात. वीज आली नाही तर त्या रात्री घरात न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजत नाही. बोअरचा पंप चालला नाही की टाकी रिकामी, आणि टाकी रिकामी की शाळेतल्या मुली बादल्या घेऊन तास बुडवतात. वेल्डिंगवाला आलेले काम परत पाठवतो. या सर्वांचे वाया गेलेले तास कोणत्या हिशेबात धरले जातात?

वर पैसे आगाऊ घेतले जातात. फोनवरून पैसे भरायचे, वीस अंकी आकडा मीटरमध्ये दाबायचा आणि न येणाऱ्या विजेची शिल्लक बघत बसायचे. स्वयंपाकाला म्बाउला, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवावी, तर कोळशाच्या पोत्याचा भाव वाढतच चालला आहे, आणि त्या कोळशासाठी आसपासचे मिओम्बो रान डोळ्यांदेखत विरळ होते आहे. आमच्या संस्थेच्या राजधानीतल्या कार्यालयात मात्र जनरेटर आहे, त्यामुळे छायाचित्रांसह मासिक अहवाल शुक्रवारी पाचच्या आत का पोहोचला नाही, असे तिथून कडक शब्दांत विचारले जाते. आणि घरी पुण्याला फोन लावला की नातेवाईक म्हणतात, ‘अगं, आफ्रिकेत असंच चालायचं.’ असेच का चालायचे? माझ्या वर्गातल्या मुलीच्या दुपारची किंमत पुण्यातल्या मुलीच्या दुपारपेक्षा कमी आहे का?

या वर्गातल्या काही मुलांचे आजोबा-पणजोबा झांबेझीच्या ग्वेम्बे खोऱ्यातले, टोंगा जमातीचे आहेत. 1950च्या दशकाच्या अखेरीस करिबा धरणासाठी नदीच्या दोन्ही काठांवरून सुमारे 57,000 टोंगा लोकांना उठवण्यात आले. वीज उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणींकडे गेली आणि खोऱ्यातल्या कित्येक वस्त्यांपर्यंत तार आजही पोहोचलेली नाही. माझे आजोळ कोयनेच्या धरणग्रस्तांचे आहे, म्हणून हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ज्यांची जमीन पाण्याखाली घेऊन ही वीज तयार झाली, त्यांच्या नातवंडांना निदान ती कधी येणार हे तरी खरे सांगायला हवे होते.

संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. शहरातल्या खाजगी शाळांत सौर पॅनेल आहेत, आमच्याकडे नाहीत, आणि गुण मात्र एकाच मापाने दिले जाणार आहेत. रात्री एकलाच वीज देणार असाल तर रात्री एक असेच छापा. मी पालकांची परवानगी घेईन, मुलांची झोपायची सोय शाळेत करीन आणि वर्ग रात्री एकला भरवीन. पण जे छापाल ते पाळा, आणि पाळता येणार नसेल तर मुले घरून निघायच्या आधी कळवा.