मधलं फूल

बॅडमिंटनच्या दुहेरीत जाळीपलीकडच्या दोघांशी आपलं काही वैर नसतं. ते बिचारे जमेल तसं फूल, म्हणजे शटल, इकडे पाठवतात आणि स्वस्थ उभे राहतात. वैर सुरू होतं ते फूल आपल्या बाजूला आल्यावर, आणि तेही स्वतःच्याच पार्टनरशी.

दुहेरीचं कोर्ट ६.१० मीटर रुंद आणि १३.४० मीटर लांब असतं. त्यातलं निम्मं आपलं, म्हणजे चाळीस चौरस मीटरच्या वर जागा झाली. एवढ्यात एखादं बिऱ्हाड सुखाने नांदेल. इथे मात्र दोन धडधाकट माणसं हातात रॅकेट घेऊन उभी असतात आणि पाच ग्रॅम वजनाचं फूल दोघांच्या बरोबर मध्ये, दोघांच्याही डोळ्यांदेखत, जमिनीवर पडतं. आवाजसुद्धा फार होत नाही. 'टप्' असं काहीतरी वाजतं, मग अर्धा क्षण शांतता, आणि मग दोघं एकदम म्हणतात, "अरे, तुझं होतं ना!"

यावर जाणकारांनी एक तोडगा काढून ठेवलेला आहे. मधलं फूल ज्याच्या फोरहँडला, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूला, येईल त्याने घ्यायचं. दोघंही उजव्या हाताने खेळणारे असले की प्रश्नच मिटतो: डावीकडे उभा असलेला घेतो, उजवीकडचा सोडतो. आमचा पार्टनर डावखुरा आहे.

आता हे जरा नीट समजून घ्या, कारण आमचा संसार याच एका मुद्द्यावर मोडायला आलाय. मी डावीकडे आणि तो उजवीकडे उभा राहिला, की माझा उजवा हात मध्ये आणि त्याचा डावा हातही मध्ये. म्हणजे मधलं फूल दोघांच्याही फोरहँडला. नियमाने दोघांनीही घ्यायचं. दोघंही घेतो. रॅकेटवर रॅकेट आपटून खण्णकन आवाज होतो, फूल त्या गोंधळातून अलगद खाली येतं आणि आम्ही आपापल्या रॅकेटची फ्रेम डोळ्यांजवळ नेऊन तडा शोधत बसतो. जागा बदलल्या तर मामला उलटा. मध्ये दोघांचाही बॅकहँड, म्हणजे उलटी बाजू. आता नियमाने कोणीच घ्यायचं नाही, आणि नियम पाळण्यात आम्ही दोघंही एकदम काटेकोर.

गंमत म्हणजे वरच्या पातळीवर डाव्या-उजव्याची जोडी ही चैन समजली जाते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं पुरुष दुहेरीचं सुवर्ण चीनच्या त्साय युन आणि फू हायफेंगने नेलं. त्यांतला फू हायफेंग डावखुरा. हे आमच्या पार्टनरला कुठूनतरी कळलं आणि तेव्हापासून तो स्वतःला जोडीचं भांडवल समजतो. त्या दोघांना मधलं फूल कोणाचं हे कसं कळत असेल, असं मी विचारलं. "त्यांचं अंडरस्टँडिंग असतं," तो म्हणाला. म्हणताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून त्या अंडरस्टँडिंगमध्ये कमी कोण पडतंय हे उघड होतं.

कोणी कुठे उभं राहायचं हे तरी आपल्या हातात असतं का? सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा स्कोर सम असला की सर्व्हिस उजवीकडून, विषम असला की डावीकडून. सर्व्हिसवर गुण मिळाला तरच जोडीने जागा बदलायच्या. समोरच्यांनी जागचं हलायचं नाही. २००६ पासून २१ गुणांचा गेम आणि प्रत्येक रॅलीला गुण अशी पद्धत आली. त्याआधी १५ चा गेम होता आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. नवी पद्धत सोपी आहे असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांना स्कोर लक्षात राहत असणार. आमच्याकडे १३-११ की १२-१२ यावर चौघांची चार मतं असतात. मग तपास सुरू होतो. "मागची सर्व्हिस तू केलीस ना?" "हो." "कुठून?" "इथून." "मग ते सीलिंगला लागलेलं धरलं का?" "ते त्याच्या आधीचं." एवढ्या बारकाईने गुन्ह्याचा तपास झाला असता तर कोणी सुटलं नसतं. शेवटी 'जाऊ दे, बारा-बारा' असा समेट होतो आणि तो चौघांनाही आपल्यावरचा अन्याय वाटतो.

आत-बाहेरचं मी बोलतच नाही. मोठ्या स्पर्धांत कॅमेऱ्याकडे दाद मागता येते. आमच्याकडे ज्याचा आवाज मोठा त्याची रेष.

हल्ला करताना एकाने मागे आणि एकाने पुढे, बचावात दोघांनी शेजारी-शेजारी, हे दुहेरीचं मूळ तंत्र. पार्टनरला स्मॅशची, म्हणजे वरून खाली जोरात हाणण्याची हौस, म्हणून तो मागे. मी पुढे, जाळीजवळ, त्याच्याकडे पाठ करून. या जागेचं वर्णन पुस्तकांत 'आक्रमणाचं टोक' वगैरे करतात. प्रत्यक्षात ती डोक्याची मागची बाजू उघडी टाकून उभं राहण्याची जागा आहे. मागून उडी मारल्याचा आवाज येतो, मग बूट आपटतो, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या वेळात माणूस देवाचं नाव घ्यायला शिकतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, विक्रम झाला. आमच्या पार्टनरचा वेग कोणी मोजलेला नाही. मात्र त्याच्या स्मॅशची दिशा माझ्या मानेला पाठ आहे. फुलाच्या पिसांना हवा भयंकर अडवते, रॅकेटवरून सुटलेला वेग काही मीटरांतच बराच उतरतो. माझ्या प्रकृतीचं श्रेय मी व्यायामाला देत नाही, हवेच्या या विरोधाला देतो.

मध्यंतरी त्याच्या डोक्यात आलं, की स्मॅश बसत नाही तो तारांमुळे. त्याने रॅकेट तीस पौंडांच्या ताणावर विणून घेतली, कारण अव्वल खेळाडू तेवढ्यावर खेळतात. आता तार जितकी ताठ तितका तिचा नेमका बसणारा भाग लहान, आणि फटक्यात लागणारं बळ मनगटातून आणायचं. अव्वल खेळाडूंकडे ते असतं. पार्टनरने नवी रॅकेट घेऊन मागच्या रेषेवरून पूर्ण ताकदीने क्लिअर, म्हणजे समोरच्यांच्या मागच्या रेषेपर्यंत जायला हवा असा उंच फटका, मारला. तो थेट समोरच्यांच्या जाळीजवळच्या सर्व्हिस लाइनवर उतरला, त्यांच्या आवडत्या उंचीवर. "कंट्रोल बघितलास?" तो म्हणाला. पुढच्याच रॅलीत ते फूल माझ्या छातीवर आलं.

मग फूल अडकण्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. छतापासून लोंबणाऱ्या दिव्याच्या जाळीत फूल बसलं. नवं होतं, सोळाच्या सोळा पिसं शाबूत. आमच्यात नवं फूल काढण्याआधी जुन्याची पिसं मोजली जातात आणि तीन तुटेपर्यंत 'चालतंय की' म्हणायचा रिवाज आहे, त्यामुळे असं फूल वर ठेवून घरी जाणं कोणाला पटेना. ते पाडायला पार्टनरने खालून दुसरं फूल मारलं. नेम अचूक. दुसरंही शेजारी जाऊन बसलं. मग त्याने बूट काढला. "बूट नको," चौघांतले तिघं म्हणाले. बूट गेला. जाळीला लागला, फुलांना हलवलं, आणि नाडीचा फास एका खिळ्यात अडकवून तिथेच लटकला. पार्टनर एका पायात बूट घालून वर बघत होता. तेवढ्यात पहिलं फूल हळूच निसटलं, गिरक्या घेत खाली आलं आणि बरोबर आम्हा दोघांच्या मध्ये पडलं. सवयीने दोघंही म्हणालो, "तुझं."

समोर बहुतेक वेळा दोन काका असतात. त्यांना हरवणं हे आमचं जुनं ध्येय आहे. दोघं मिळून धावतात त्याहून जास्त एकटा मी नुसता सर्व्हिस घेताना हलतो. स्मॅश नाही, उड्या नाहीत, नव्या रॅकेटा नाहीत. गुडघ्याला पट्टा, आणि प्रत्येक फूल आमच्या बरोबर मध्ये. आधी मला तो योगायोग वाटायचा. मग एकदा एका काकांनी फूल आमच्या मध्ये टाकण्यापूर्वी आम्हा दोघांचे हात नीट बघून घेतले. आम्ही फोरहँडने उभे असलो तर अलगद, म्हणजे आम्ही एकमेकांना भिडावं; बॅकहँडने असलो तर जोरात, म्हणजे एकमेकांकडे बघत राहावं. माणूस निवृत्त झाला म्हणून त्याची बुद्धी निवृत्त होत नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही हात वगैरे विसरून आवाज द्यायचं ठरवलं. ज्याला घ्यायचंय त्याने 'माझं' म्हणायचं, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. पहिल्याच फुलाला आम्ही दोघं एकदम "माझं!" असं ओरडलो, आणि एकदम बाजूला झालो. दुसऱ्याला दोघंही दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघत राहिलो. तिसऱ्याला पार्टनर "माझं!" म्हणाला, गेला, रॅकेट उगारली, आणि ऐन वेळी "नाही, बाहेर चाललंय, सोड" म्हणून सोडलं. ते आत पडलं. ते मुळात कोणी सोडलं यावर आमची चर्चा रंगली. मी म्हणालो, 'माझं' म्हणून झाल्यावर 'सोड' कोणाला म्हणालास? तो म्हणाला, स्वतःला. मी म्हणालो, मग मोठ्याने का? तो म्हणाला, ठरलंय ना, आवाज द्यायचा म्हणून.

काका जाळीपाशी आले. पट्टा वर ओढून घेत म्हणाले, "तुमचं चालू द्या. आम्ही दोघं तोवर जरा एकेरी खेळून घेतो."