मासेदांच्या संगीताला ‘फ्यूजन’ म्हणू नये

फिलिपिन्सचे संगीतकार होसे मासेदा यांचा विषय निघाला की त्यांनी देशी आणि पाश्चात्त्य संगीताचा मिलाफ घडवला, असे हमखास सांगितले जाते. ते खोटे नाही. पण त्यांच्या रचना पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मला वाटू लागले आहे की या एका वाक्याआड त्यांचे खरे काम झाकले जाते.

१९१७ साली मनिलात जन्मलेले मासेदा घडले ते पियानोवादक म्हणून. पॅरिसला नामवंत पियानोवादक आल्फ्रेद कोर्तो यांच्याकडे ते शिकले, मायदेशी परतून त्यांनी मैफली केल्या, आणि मग या संगीताचा आपल्या नारळाशी नि भाताशी काय संबंध, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १९५०च्या दशकापासून ते मिंदानाओ बेटावर आणि उत्तर लुझोनच्या डोंगरांत ध्वनिमुद्रणे करत हिंडले. मिंदानाओवरच्या मागिंदानाओ लोकांचा ओळीने मांडलेल्या गाँगांचा (ठोकून वाजवायच्या धातूच्या थाळ्यांचा) कुलिंतांग, लुझोनच्या डोंगरांतल्या कालिंगा लोकांचे सपाट गाँग, बांबूच्या नळ्या, आपल्या मोरचंगाच्या जातीचा कुबिंग हे सारे त्यांनी वाद्य म्हणून तर अभ्यासलेच, शिवाय ती वाजवणारी माणसे एकमेकांशी कशी जोडलेली असतात हेही पाहिले.

माझ्या मते सगळे मर्म इथे आहे. कालिंगा वादनात एकेकाच्या हाती एकच गाँग आणि मोजके आघात असतात. पूर्ण नक्षी कोणा एकालाच वाजवता येत नाही, ती सर्वांच्या मिळून उमटते. मासेदांनी लोकधून उचलून ती व्हायोलिनांवर चढवली नाही. त्यांनी ही वाटणीची रीत घेतली, तिच्याखाली अखंड चालणारा आधारस्वर घेतला (तानपुऱ्याच्या सहवासात वाढलेल्या कानाला तो लगेच ओळखू येतो), आणि शेकडो माणसांना पुरेल एवढी ती रीत मोठी केली. पाश्चात्त्य परंपरेकडून त्यांनी लिखित स्वरलिपी घेतली, आणि झेनाकिस, वारेझ या विसाव्या शतकातल्या संगीतकारांसारखा ध्वनीच्या घनदाट थरांचा विचार घेतला. त्यांच्या समकालीन लुक्रेशिया कासिलाग यांनी पाश्चात्त्य रचनाबंधांत देशी वाद्ये बसवली. ते कामही मोलाचे आहे, पण वाट वेगळी आहे.

१९६८ सालचे ‘पागसांबा’ घ्या. मनिलाजवळ दिलिमान इथल्या विद्यापीठाच्या वर्तुळाकार चर्चमध्ये दोनशेहून अधिक गायक-वादक श्रोत्यांच्या मधोमध विखुरलेले होते. शब्द कॅथलिक प्रार्थनेचे, पण तागालोग भाषेतले. नाद बांबूचा आणि गाँगांचा. तिथे प्रत्येक श्रोत्याला त्याच्या जागेप्रमाणे वेगळी रचना ऐकू येते, आणि रंगमंच नावाची गोष्टच उरत नाही.

‘उगनायान’बद्दल मात्र माझे मन आजही द्विधा आहे. १ जानेवारी १९७४ रोजी मनिलातील वीस नभोवाणी केंद्रांनी एकाच वेळी वीस निरनिराळे ध्वनिपट प्रक्षेपित केले, आणि लोकांनी आपापले ट्रान्झिस्टर घेऊन मोकळ्या जागी एकत्र यावे, म्हणजे सगळे शहरच एक वाद्य होईल, अशी ती कल्पना होती. इतकी उदार कल्पना मला दुसरी माहीत नाही. पण तेव्हा देशात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांचा लष्करी कायदा लागू होता, आणि सगळी केंद्रे एकाच कामाला जुंपणे त्यांच्या पत्नी इमेल्दा मार्कोस यांच्या पाठबळामुळे शक्य झाले होते. रचनेतले समूहपण स्वेच्छेचे आणि ते घडवून आणणारी यंत्रणा हुकमाची, हा विरोध मला मिटवता येत नाही, आणि त्या रचनेविषयी लिहिताना तो गाळू नये असेही वाटते.

मासेदा २००४ साली गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा आणि टिपणांचा संग्रह फिलिपिन्स विद्यापीठात आहे, आणि २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला. त्यांच्या रचना प्रथमच ऐकणार असाल तर ‘सुलिंग-सुलिंग’पासून सुरुवात करा. दहा बासऱ्या, दहा बांबूची वाद्ये आणि दहा सपाट गाँग एवढाच त्याचा पसारा आहे. त्यातली एकच बासरी धरून ठेवण्याचा प्रयत्न करा, आणि ती उरलेल्या नऊ बासऱ्यांत केव्हा मिसळून जाते ते पाहा.