वाढत्या अंगाची सॅक

चिरंजिवांच्या शाळेने त्र्यंबकेश्वराजवळ एका मुक्कामाचे पावसाळी शिबिर ठरवले आणि सूचनापत्राच्या अगदी तळाशी ‘प्रत्येकाने आपले सामान स्वतःच्या पाठीवर आणावे’ असे एक वाक्य घातले. मुले स्वावलंबी व्हावीत, हा त्यामागचा हेतू उघड आहे. मात्र इयत्ता चौथीतला मुलगा स्वावलंबी व्हायचा असेल, तर आधी घरातल्या तीन मोठ्या माणसांना सगळी कामे सोडून त्याच्या मागे लागावे लागते, एवढेच सूचनापत्रात लिहायचे राहून गेले होते.

शाळेचे दप्तर रिकामे करून न्यावे, ही सर्वांत स्वस्त सूचना मी करून पाहिली. दप्तर घेऊन शिबिराला गेल्यास वर्गात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे उत्तर आले. मग नवी सॅक घ्यायचीच, तर ती ‘वाढत्या अंगाची’ घ्यावी, असे आमच्या मातुःश्रींनी फर्मावले. आमच्या घरात वाढत्या अंगाचा नियम घटनेसारखा पाळला जातो. माझी मुंजीतली बंडी मला कॉलेजात अंगाबरोबर बसू लागली होती. शर्टाची बाही दुमडता येते, पँटला आतून टीप घालता येते. सॅकला मात्र यांपैकी काहीच करता येत नाही. सॅक पाठीपेक्षा लांब असली की तिचा तळ प्रत्येक पावलाला मागून आपटतो, ओझे मागे खेचते आणि तोल सावरण्यासाठी मूल पुढे वाकून चालू लागते. हे सर्व मी मातुःश्रींना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग पुढच्या वर्षी परत घेशील का?”

मुलाची सॅक लिटरवर नव्हे, पाठीवर घ्यायची असते. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड टोकदार वर येते, तेथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर, हे तिचे खरे माप. शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी ते घ्यायला बसलो. चिरंजिवांना पाठीला बोट लागले की गुदगुल्या होतात, त्यामुळे पहिल्या खेपेस पाठ साडेअकरा इंच भरली आणि दुसऱ्या खेपेस पंधरा. शेवटी हिने त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले, हातात बिस्कीट दिले आणि साडेतेरा इंच हा आकडा सर्वानुमते मंजूर झाला.

हा आकडा खिशात घेऊन आम्ही मेन रोडला गेलो. शनिवारी संध्याकाळी मेन रोडवर चालणे हाच मुळात गिर्यारोहणाचा सराव आहे. दुकानदाराने आमच्याकडे न पाहताच ‘किती लिटरची?’ असे विचारले. मी साडेतेरा इंच म्हणताच त्याने मान वर करून, शिंप्याचे दुकान पलीकडे आहे, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. टांगलेल्या साऱ्या सॅक पोटभर जेवल्यासारख्या फुगलेल्या होत्या. त्यांपैकी एक उतरवून मी आतले वर्तमानपत्रांचे बोळे बाहेर काढले, तेव्हा ती एकदम कोलमडली आणि पाठीकडच्या बाजूला ज्याला गादी म्हणावे असे काहीच नाही, हे दिसून आले. “साहेब, कपडा बघा, सहाशे डेनिअर आहे,” दुकानदार म्हणाला. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर, हे मला ठाऊक होते. परंतु त्याच धाग्याने मारलेली पट्ट्यांची शिवण बोटाने ओढताच विरत असेल, तर सहाशे काय नि नऊशे काय. वॉटरप्रूफ असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्याने आपल्या बाटलीतले पाणी सॅकवर ओतले. थेंब मोत्यांसारखे घरंगळले, सर्वांनी कौतुक केले. मग मी तेच पाणी चेनवर ओतायला सांगितले, तेव्हा बाटलीतले पाणी संपले असल्याचे त्याला आढळले. त्र्यंबकचा पाऊस कापडातून कधीच आत येत नाही. तो चेनीतून आणि शिवणीच्या भोकांतून येतो. त्यामुळे वरून घालायचे वेगळे कव्हर हवेच.

अखेर एक अठरा लिटरची सॅक सापडली. खांद्यावरच्या पट्ट्या रुंद होत्या, तळ कमरेशी थांबत होता, पावसाचे कव्हर खालच्या कप्प्यात होते. मी पट्ट्या ओढून, सैल करून पाहत असताना चिरंजिवांना छातीवरच्या पट्टीच्या बकलमध्ये दडलेली शिट्टी सापडली. डोंगरात चुकलेल्या माणसाने मदत मागावी म्हणून ती तेथे असते. चिरंजिवांनी दुकानाच्या पायरीवर उभे राहून ती जीव खाऊन फुंकली. दोन रिक्षा जागच्या जागी थांबल्या, एकाने घाईघाईने हेल्मेट डोक्यावर चढवले आणि तिघे बसलेल्या एका मोटारसायकलवरचा तिसरा गडी चालत्या गाडीवरून उतरून, आपला काही संबंध नसल्यासारखा, पायी चालू लागला. त्यानंतर निवडीला काही अर्थ उरला नाही. मी सॅक पाठीच्या मापामुळे घेतली, असे माझे म्हणणे आहे. ती शिट्टीमुळे आली, असे घरातल्या बाकीच्यांचे.

खरा पेच भरताना उभा राहिला. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक ओझे नसावे, असे केंद्र सरकारचे 2020 चे दप्तरविषयक धोरण सांगते, आणि डोंगरात तरी हे प्रमाण का सोडावे? चिरंजीव सव्वीस किलोंचे, म्हणजे मर्यादा दोन किलो सहाशे ग्रॅम. सॅक स्वतःच सातशे ग्रॅम, भरलेली बाटली अकराशे. उरलेल्या आठशेत कपड्यांचा एक जोड, रेनकोट, टॉवेल आणि बॅटरी बसवली, तेव्हा शंभर ग्रॅम शिल्लक राहिले. शिबिरात अंजनेरीही चढायचा होता. तेथे जन्मल्याचे मानल्या जाणाऱ्या हनुमंताने द्रोणागिरी तळहातावर नेला, म्हणून त्याला टक्केवारी मांडावी लागली नाही.

मातुःश्री बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. मी डब्याला नकार देऊन शंभर ग्रॅममध्ये दोन लाडू बसतील असे सांगितले.

“दोन? आणि एका किलोला किती सूट म्हणालास?”

“शंभर ग्रॅम.”

“म्हणजे पोर एक किलोने वाढलं, की दोन लाडू जास्त,” त्या म्हणाल्या आणि शिबिराला अजून किती दिवस आहेत ते विचारून, त्यांनी त्याच रात्रीपासून त्याच्या वरणभातावर तुपाची धार दुप्पट केली.