डोकं आपट, भोक पडेल

निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावायचा परवाना नेमका कोण देतं? सोसायटीच्या नोटिशीवर सही घ्यायला आलेले वरच्या मजल्यावरचे काका सही झाल्यावरही सोफ्यावरून हलेनात. टीव्हीवर जुन्या व्हिडिओ गेमचा नायक सायमन बेलमाँट एका कड्यापुढे गुडघा टेकून बसला होता आणि मी पॅडवरचा खालचा बाण दाबून धरला होता.

"हा असा का बसलाय? पोटात दुखतंय का त्याच्या?"

"नाही काका. वादळ यायचंय."

"कशावरून?"

"इथं लिहिलंय." मी मोबाइल पुढे केला.

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. दहावीच्या परीक्षांना सुपरव्हिजन करण्यात त्यांची सगळी नोकरी सरलेली. त्यांच्या अंगात क्षणात भरारी पथक संचारलं.

"म्हणजे कॉपी."

"कॉपी कसली, वॉकथ्रू म्हणतात त्याला. गेम कसा पार करायचा ते पायरीपायरीने सांगतात."

"चिठ्ठी बुटात ठेवली काय न् मोबाइलवर काय! लाल दगड घ्या, खाली बसा, वादळ येईल. सगळं आयतं. मग तू काय करतोयस?"

"खालचं बटण दाबतोय."

"ते आमचा नातूही दाबेल. जरा डोकं लाव की!"

आता गंमत बघा. या गेममधला एक गावकरी अगदी हाच सल्ला देतो: डेबोरा कड्यावर डोकं आपट, भोक पडेल. भोक पडत नाही. काकांना हे समजावता समजावता माझा अंगठा सुटला, सायमन ताडकन उभा राहिला, आणि वादळाऐवजी स्क्रीनवर रात्र पडल्याची ती कुप्रसिद्ध चौकट एकेक अक्षर टाइप करत उमटली की शापासाठी ही किती भयानक रात्र आहे. काका म्हणाले, "बघ. कॉपी पचत नाही." आणि गेले. चहा पिऊन.

गेम म्हणजे कोनामी कंपनीचा ‘कॅसलव्हेनिया २: सायमन्स क्वेस्ट’. जपानमध्ये १९८७ साली, अमेरिकेत १९८८ साली आला. ड्रॅक्युलाचे अवशेष गोळा करायचे: बरगडी, हृदय, डोळा, नख आणि एक अंगठी. गावकरी सर्रास थापा मारतात, आणि त्या मुद्दामच लिहिलेल्या आहेत. वर इंग्रजी भाषांतर असं की खरं बोलणाराही थापाड्या वाटावा. एक जण सांगतो, स्मशानातल्या बदकाकडून रेशमी पिशवी घे, आयुष्य वाढेल. बदक नाही हो तिथं कुठलंही.

डेबोरा कड्याचं खरं उत्तर असं: आधी पांढरा स्फटिक विकत घ्यायचा (पन्नास हृदयं; या राज्यात तेच चलन), तो बदलून निळा, निळा बदलून लाल. मेनूत लाल निवडायचा, कड्याला भिडून गुडघा टेकायचा, आणि बटण न सोडता काही सेकंद थांबायचं. मध्येच सोडलं की सगळं पहिल्यापासून. थांबायचं किती हे गेम सांगत नाही, त्यामुळे बरोबर जागी बरोबर वस्तू घेऊन बसलेला माणूसही ‘छे, हे नसणार’ म्हणून उठतो. तलावाकाठी निळा घेऊन असंच बसलं तर स्क्रीन खाली सरकते. नावाड्याला ड्रॅक्युलाचं हृदय दाखवलं नाही, तर तो इमानेइतबारे भलत्याच काठाला सोडतो.

यात लावायला डोकं आहे कुठे? अमेरिकेतल्या पोरांना निदान ‘निन्टेंडो पॉवर’ मासिक होतं. त्याच्या दुसऱ्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हा गेम होता. अडलं तर कंपनीला फोन करायची सोय होती. आपल्याकडे टीव्ही गेमची पिवळी कॅसेट यायची तीच नागवी. पुस्तिका नाही, नकाशा नाही, फुंकर मारायची तेवढी आपल्या हाती. पुढे सीडी आल्या तरी तेच. ‘मेटल गिअर सॉलिड’ (१९९८) मध्ये एका बाईचा रेडिओ नंबर हवा असतो आणि गेम म्हणतो, सीडीच्या कव्हरच्या मागे बघा. आपली सीडी पातळ प्लास्टिकच्या पिशवीतली. मागे काय बघणार, पलीकडचं दिसतं! नंबर १४०.१५. लिहून ठेवा.

‘झेल्डा’त लांब कानांचा पोल्स व्हॉइस नावाचा राक्षस आहे. फॅमिकॉमच्या (निन्टेंडोच्या जपानी मशीनच्या) दुसऱ्या पॅडला माइक होता, त्यात ओरडलं की तो मरायचा. अमेरिकन मशीनला माइकच नव्हता, तरी पुस्तिकेत ‘याला मोठा आवाज सहन होत नाही’ हे वाक्य तसंच राहिलं. घसा फोडून काही होत नाही. बाण मारा, एकात मरतो.

आणि ज्यांना ‘मदतीशिवाय खेळलो’ असं छाती फुगवून सांगायचंय, त्यांनी टैटोचा ‘ताकेशीचं आव्हान’ (१९८६) घ्यावा. कल्पना जपानी विनोदवीर आणि दिग्दर्शक ताकेशी किटानो यांची. यात नोकरी सोडायची, बायकोला घटस्फोट द्यायचा, आणि कोरा कागद मिळाला की तो उन्हात धरायचा पर्याय निवडून एक तास पॅडला हात लावायचा नाही. खराखुरा एक तास. मग नकाशा उमटतो. हे डोकं लावून ज्याला सुचेल त्याला आधी डॉक्टरकडे न्यावं.

वॉकथ्रू जरूर वापरा, फक्त लेखी वापरा, आणि वाचण्याआधी स्टार्ट दाबून गेम थांबवा. सायमन्स क्वेस्टमध्ये वाड्यांबाहेर घड्याळ चालूच असतं. रात्र झाली की दुकानं बंद, शत्रू दुप्पट चिवट. आणि शेवट तीन आहेत, तुम्ही किती दिवस लावलेत त्यावर ठरणारे. लेखी पानात ‘डेबोरा’ शोधलं की दोन ओळींत काम होतं. व्हिडिओवाला आधी नमस्कार करतो, मग घंटी दाबायला लावतो, मग माइक नवा घेतल्याचं सांगतो, आणि कड्याजवळ पोचल्यावर हळूच म्हणतो की लाल स्फटिक मी आधीच घेऊन ठेवलाय, कुठून ते मागच्या भागात बघा. मागचा भाग प्रायव्हेट.