तुमचा ‘सहा’ अकरा ऐकू आला

खालच्या दाढेचं रूट कॅनाल असलं की जबड्यात इंजेक्शन देतात आणि ते चढेपर्यंत बाहेर बसवतात. ओठ अर्धा बधिर, जीभ परक्याची. अशा माणसाला कोणी बोलायला लावू नये. पण समोरच्या गृहस्थांना मुलाचं अबॅकस, म्हणजे मण्यांच्या पाटीवरची आकडेमोड, दाखवायला गिऱ्हाईक हवं होतं, आणि बाकावर मी एकटाच होतो.

“काका, कुठलेही आकडे सांगा. लेव्हल फोरला आहे तो.”

मी गालाकडे बोट दाखवलं.

“चालेल हो. फक्त एका लयीत सांगा. आणि मध्ये ‘अधिक’ म्हणू नका, स्पर्धेत म्हणत नाहीत. वजा असेल तरच बोलायचं.”

मी लाळ सावरत म्हणालो, “चार. तीन. सहा.”

मुलाची बोटं मांडीवर मनातले मणी सरकवत टिचटिच हलली. “अठरा!”

गृहस्थांनी टाळी वाजवली. रिसेप्शनवरच्या ताई मान वर न करता म्हणाल्या, “तेरा.”

आता कुठलाही बाप हसून विषय बदलेल. यांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. “चार नि तीन सात. अठरातून सात गेले... अकरा. म्हणजे काका, तुम्ही अकरा म्हणालात.”

“सहा म्हणालो.”

“तुम्हाला वाटतंय तसं. तुमचं तोंड सध्या तुमच्या ताब्यात नाही.”

“बाबा, माझा वरचा मणी राहिला,” मुलगा म्हणाला.

“तू थांब. काकांचा उच्चार चुकलाय.”

पोराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. अबॅकसच्या प्रत्येक दांडीवर वर एक मणी असतो, त्याची किंमत पाच; खाली चार, प्रत्येकी एक. चारात तीन मिळवायचे तर खाली मणीच उरत नाहीत, म्हणून वरचा पाच खाली ओढायचा आणि दोन काढायचे. क्लासात याला ‘स्मॉल फ्रेंड’ म्हणतात. झाले सात. आता सहा मिळवायचे, म्हणजे शेजारच्या दांडीवर दहा द्यायचे आणि इथून चार काढायचे: हा ‘बिग फ्रेंड’. पण खालच्या मण्यांतले दोनच वर सरकवलेले आहेत, चार काढणार कुठून? मग पाच काढून एक परत द्यायचा. एका आकड्यासाठी तीन हालचाली, आणि घाईत मधली गळते. पाच काढायचा राहिला की तेराचे अठरा होतात. उत्तर नेमकं पाचाने जास्त आलं तर वरचा मणी तपासावा; दहाने कमी आलं तर शेजारची दांडी. बेरजेतला हा प्रकार शिकवतातही सगळ्यात शेवटी, कारण भलेभले इथेच आपटतात. म्हणजे पोरगं चांगलं शिकत होतं. आपलं काय चुकलं हे त्याला शिक्षकाइतकं कळत होतं. वडिलांना ते ऐकायचंच नव्हतं.

“शकुंतला देवींची आठवण येते की नाही?” त्यांनी विचारलं. शकुंतला देवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला होता, आणि त्यांना श्रोत्याचा जबडा आड आला नव्हता. हे मला म्हणायचं होतं, पण ‘श्रोत्याचा’मधला श्र काही येईना.

“याने मेंदू शार्प होतो,” हे त्यांचं पुढचं वाक्य. इथे मात्र मला खरंच राग येतो. वडोदऱ्यात शाळकरी मुलांना तीन वर्षं अबॅकस शिकवून एक अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेवढाच वेळ नेहमीचं जादा गणित केलेल्या मुलांपेक्षा अबॅकसवाल्यांची आकडेमोड बरी निघाली. स्मरणशक्ती वगैरे वाढल्याचं दिसलं नाही. आकडेमोड सुधारली, हे काही थोडं नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, दीड, साडेतीनचे पाढे, घोकले ते बाजारात फसू नये म्हणून. मेंदूच्या धारेबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि औटकीला कोणी कपही दिला नाही.

कप आता सगळ्यांना मिळतो. स्पर्धेत आधी वयाचे गट, मग लेव्हलचे, मग प्रत्येक गटात चॅम्पियन, पहिला, दुसरा, तिसरा, आणि उरलेल्यांना पदक. हॉलमधून रिकाम्या हाताने बाहेर पडायला फार प्रयत्न करावे लागतात. गृहस्थांनी मोबाइलवर अकरा का बारा कप दाखवले. (मोजदाद त्यांचीच, म्हणून खात्री देत नाही.) प्रत्येक फोटोत कप पुढे आणि पोराची नुसती हनुवटी.

या कपांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगायची आहे. सोनेरी मुलाम्याचं प्लास्टिक, आत एक आटे पाडलेली सळई, खाली बैठक आणि तिच्या पोटात नट. नट ढिला झाला की कप स्वतःभोवती फिरतो; तो पान्याने आवळायचा, पण बेताने, नाहीतर प्लास्टिक चिरतं. फेव्हिक्विकने काम भागत नाही. आणि जागा कमी पडायला लागली की कळतं, भंगारवाला सळई उपसून घेतो आणि बाकीचं दारातच ठेवून जातो.